दादाची संध्याकाळची उंची

त्या रविवारी दुपारी बाबांच्या शिलाईच्या दुकानातल्या कटिंगच्या टेबलावर युरोपचा एक नकाशा होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर दोन इस्त्र्या, एक मोठी कात्री आणि बटणांचा डबा ठेवला होता. नकाशात नऊ टाचण्या टोचल्या होत्या, आठ लाल डोक्यांच्या आणि एक निळ्या डोक्याची. शिवाय कच्च्या दोऱ्याचं एक रीळ, खडूचे दोन तुकडे, वहिनीचा फोन आणि चहाचे पाच कप. माणसं आम्ही चार. पाचवा कप शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याचा. तो अजून आला नव्हता, पण आमच्याकडे चहा उकळला की तो येतोच, हे गृहीतच होतं.

प्रत्येक टाचणी म्हणजे एक थीम पार्क, आणि प्रत्येक पार्कात निदान एक तरी असं रोलर कोस्टर की ज्याच्यासाठी, दादाच्या शब्दांत, ‘माणसानं समुद्र ओलांडावा.’ दादा शाळेत भूगोल शिकवतो. मोठ्या सुट्टीत आम्ही चौघांनी जायचं ठरलं होतं: दादा, वहिनी, बाबा आणि मी. बाबांना उंचीचा तिटकारा आहे. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, “मी लाकडी घोड्यावर बसणार. तो गोल फिरतो तो. बाकी तुमचं तुम्ही काय उलटंसुलटं व्हायचं ते व्हा.”

मार्ग ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी नुकतीच भौतिकशास्त्रात पदवी घेतली आहे, आणि घरच्यांच्या मते त्याचा उपयोग एवढाच की मिक्सर बिघडला तर मी तो आणखी नीट बिघडवू शकते. पण नऊ ठिकाणांना जाण्याचे क्रम लाखांच्या घरात निघतात, हे मी सांगितलं तेव्हा सगळे नकाशावर वाकले होते.

“लाखांच्या घरात?” बाबा म्हणाले. “मग कशाला डोकं शिणवतेस. दोरा आण इकडे.”

त्यांनी टाचण्यांभोवती कच्चा दोरा फिरवला, मनासारखा ताणून पाहिला, एका टाचणीवरून काढून दुसरीवर घातला आणि दोन-तीन फेऱ्यांत एक मार्ग काढून दाखवला. मी तो कॉम्प्युटरवर तपासला. माझ्या उत्तराहून थोडा लांब होता, पण फार नाही. त्यात सगळ्यांच्या आवडीची एक गोष्टही होती: स्पेनमध्ये उतरायचं, हळूहळू वर सरकायचं, आणि शेवटची रात्र रेल्वेच्या झोपायच्या गाडीत काढून उत्तरेतल्या त्या समुद्राकाठच्या पार्कात सकाळी दार उघडायच्या वेळी पोचायचं. तिथे निळी टाचणी होती.

निळ्या टाचणीला घरात ‘निळी’ म्हणायचे. खरं तर निळी म्हणजे ते रोलर कोस्टर. त्याचे रूळ निळ्या रंगाचे आहेत. पुढच्या सीटवरून काढलेला त्याचा व्हिडिओ दादानं इतक्या वेळा पाहिला होता की त्याला आता पडद्याची गरज उरली नव्हती. तो स्टुलावर बसून डोळे मिटायचा आणि वळणावळणाला कलायचा. डावीकडे, उजवीकडे, मग एक मोठा श्वास, मग पाय जमिनीवरून उचलून सरळ खाली.

“माझी सवत आहे ती,” वहिनी पाहुण्यांना सांगायची. “मला बघताना इतकं मन लावून कधी नाही बघितलं.”

“तू मला एवढ्या उंचावरून खाली कुठे आणतेस?” दादा म्हणायचा.

“रोज आणते. तुझ्या लक्षात येत नाही.”

दादाबद्दल एक सांगायचं राहिलं. तो उंच आहे. नुसता उंच नाही. दारातून आत येताना त्याला वाकावं लागतं, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं, काय नम्र आहे हा. गल्लीतले सगळे बल्ब त्यानं बदललेत. फोटोत तो कायम शेवटच्या रांगेत, आणि तरी त्याच्या मागच्याची तक्रार असते. लहानपणी एकदा जत्रेत छोट्या आगगाडीत बसला होता, तर तिकिटवाल्यानं “हा पोरगा नाही, बाप्या आहे” म्हणून त्याला दंडाला धरून उतरवलं. तो तेव्हा तिसरीत होता. तेव्हापासून असल्या ठिकाणी गेलं की दादा बॅगा सांभाळायचा. आम्ही पाळण्यात बसायचो आणि तो खाली सगळ्यांच्या चपला, पाण्याच्या बाटल्या आणि आईस्क्रीमं घेऊन झाडासारखा उभा असायचा. तो कधी कुरकुरला नाही. पण मोठा झाल्यावर त्यानं पहिली गोष्ट काय केली असेल, तर जगातल्या मोठ्या माणसांसाठीच्या पाळण्यांची माहिती गोळा करायला सुरुवात केली.

तर त्या दुपारी चष्मेवाला आला, त्यानं त्याचा कप उचलला, आणि वहिनी एकेका पार्कचे नियम वाचू लागली. वहिनी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते.

“एक मीटर चाळीसच्या खाली प्रवेश नाही,” ती वाचत होती.

“मी बसतो ना त्यात?” बाबांनी विचारलं.

“बाबा, तुम्ही घोड्यावर बसणार आहात.”

“तरी विचारून ठेवलेलं बरं.”

“गरोदर बायकांनी बसू नये. मान दुखत असेल तर बसू नये. सैल दात असतील तर...” वहिनी थांबली.

“सैल दातांचा नियम आहे?” मी विचारलं.

“नाही, तो मी घातला.” पण ती फोनकडेच बघत होती. मग तिनं वर पाहिलं आणि दवाखान्यात पेशंटला ‘थोडंसंच दुखेल’ असं सांगताना जो आवाज काढते तो आवाज काढला. “अरे, ऐक ना. निळीला वरचीही मर्यादा आहे.”

“वरची म्हणजे?”

“जास्तीत जास्त उंची. एकशे पंच्याण्णव.”

आम्ही सगळे दादाकडे बघत होतो. तो नेहमीसारखा लोंबत्या दिव्याला टाळून मान तिरकी करून उभा होता.

“तुझी किती आहे?” मी विचारलं.

“सहा फूट पाच.”

“कोणी मोजली?”

“मोजली कशाला? सगळे म्हणतात.”

सहा फूट पाच इंच म्हणजे एकशे पंच्याण्णव पूर्णांक सहा सेंटिमीटर. मी हे मनात केलं, पण माझं तोंड बघून त्याला कळलं असावं.

“असू दे,” तो म्हणाला. “मी बॅगा सांभाळीन.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “नाही, खरं सांगू का? बाकी आठ ठिकाणी सांभाळीन एखादे वेळेस. पण तिच्याखाली उभं राहून तुम्हाला वर बघणं मला जमणार नाही. ती टाचणी काढा. आठ पुष्कळ झाल्या.”

आणि त्यानं स्वतःच हात पुढे केला.

“थांब,” बाबा म्हणाले. “लोक म्हणतात त्यावर कपडे शिवतो का आपण? माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. उभा राहा भिंतीला.”

त्यांनी गळ्यातली दोन मीटरची लांब टेप काढली. स्टुलावर चढले, टेपचं सुरुवातीचं टोक मला दादाच्या टाचेशी धरायला लावलं, टेप त्याच्या डोक्यापर्यंत नेली आणि चष्मा कपाळावर सारून वाचलं. “एकशे त्र्याण्णव. आणि वर जरासं.”

आणि एकच गोंधळ झाला. दादानं बाबांना स्टुलावरून उचलून तसंच जमिनीवर ठेवलं. वहिनी म्हणाली, “बघा, इतकी वर्षं उगाच वाकून चाललाय.” चष्मेवाला म्हणाला, “मला पहिल्यापासून तो बुटकाच वाटायचा,” आणि दुसरा कप मागितला.

मी मात्र टेपकडे बघत होते. ती कापडी टेप माझ्याहून वयानं मोठी होती. पहिले काही आकडे बाबांच्या अंगठ्यानं पुसून गेले होते आणि कडा मऊ झाल्या होत्या. मी माझी दोन मीटरची स्टीलची पट्टी आणली आणि टेप तिच्याशेजारी टेबलावर पसरली.

“काय करतेस?” वहिनीनं विचारलं. “नको करूस. जे करतेस ते नको करूस.”

टेपवरचे शंभर सेंटिमीटर पट्टीवर एकशे एक पूर्णांक चारला संपत होते.

“टेप ताणली गेलीय,” मी म्हणाले. “ती कमी दाखवते. दादाची खरी उंची एकशे पंच्याण्णव पूर्णांक नऊ आहे.”

“अशक्य,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “या टेपवर मी अर्ध्या गावाच्या पँटी शिवल्यात. एकाची तरी चुकली का? टेप चुकीची असती तर लोक उघडे फिरले असते!”

“नसते फिरले, बाबा. तुम्ही माणूस ज्या टेपनं मोजता, कापडही त्याच टेपनं मोजता. दोन्हीकडे तेवढीच चूक. चूक चुकीला खाऊन टाकते. कपडे बरोबरच बसणार.”

बाबा विचारात पडले. “आणि फोनवरून मापं सांगणारे?”

“त्यांचे कपडे लांब होत असतील.”

बाबा हळूहळू स्टुलावर बसले. “नेहमी लांब होतात,” ते म्हणाले. “मी आजवर समजत होतो, माणूस फोनवर स्वतःची उंची वाढवून सांगतो. एकाशी तर मी भांडलो. वकील होता.”

“शास्त्र शिकून काय मिळालं बघा,” वहिनी म्हणाली. “बसल्या जागी नवरा तीन सेंटिमीटरनं वाढला.”

सगळे हसले. दादाही हसला, पण टाचणीकडे न बघता. मग उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत म्हणून तो घरी गेला. सुट्टीच्या आधी इतक्या लवकर कसल्या उत्तरपत्रिका, हे कोणी विचारलं नाही.

मला फार वाईट वाटत होतं. खरं बोलले होते त्याचं नाही. टेप तशीच खरी धरली असती, तर दादाला, इतक्या लांब जाऊन, समुद्राकाठच्या त्या दाराशी पुन्हा एकदा दंडाला धरून बाजूला केलं असतं. पण अर्धं खरं सांगून थांबणं मला पटत नव्हतं. नऊ मिलिमीटर. माणसाच्या शरीरात नऊ मिलिमीटर कुठे असतात?

हा प्रश्न नीट विचारल्यावर उत्तर फार लांब नव्हतं. पाठीच्या मणक्यांमध्ये चकत्या असतात, पाणी धरून ठेवणाऱ्या, स्पंजासारख्या. दिवसभर उभं राहिलं, चाललं, ओझं वाहिलं की त्या दबतात. रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळी बुटका. फरक एखाद्या सेंटिमीटरचा, कधी जास्त, आणि उंच माणसात अर्थातच अधिक.

मी नकाशाकडे पाहिलं. आमच्या मार्गात दादा रात्रभर झोपायच्या गाडीत लांब पसरणार होता आणि सकाळी, दिवसातल्या जास्तीत जास्त उंचीचा होऊन, थेट निळीच्या दाराशी उभा राहणार होता. लाखो क्रमांमधून आम्ही नेमका सगळ्यात वाईट शोधून काढला होता.

मी त्या पार्कला ईमेल केली. लपवाछपवी नको म्हणून सगळं लिहिलं, मणक्यांसकट. उत्तर लगेच आलं. दाराशी आडवी दांडी असते. बूट काढून, ताठ उभं राहून तिच्याखालून डोकं न लागता जो जाईल तो बसेल. सुरक्षिततेसाठी लागणारी जागा मर्यादेत आधीच धरलेली आहे. दिवसाच्या कोणत्या वेळी यावं यावर बंधन नाही. शेवटी लिहिलं होतं की हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच आला आणि तो त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवला.

दादाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं ती ईमेल दोनदा वाचली.

“म्हणजे मी दमायचं,” तो शेवटी म्हणाला.

“हो. भरपूर.”

“शाळेत संध्याकाळपर्यंत दमतोच की मी.”

“मोजू या.”

बाबांच्या दुकानातल्या भिंतीवर मी स्टीलची पट्टी पक्की बसवली. डोक्यावर टेकवायला बाबांची काटकोनी पट्टी घेतली. आठवडाभर दादा शाळेत जाताना आणि येताना दुकानात बूट काढून भिंतीला टेकायचा. सकाळी एकशे शहाण्णव पूर्णांक चारच्या आसपास. संध्याकाळी, दिवसभर फळ्यापुढे उभं राहून, एकशे पंच्याण्णव पूर्णांक दोन.

“दोन मिलिमीटर!” वहिनी म्हणाली. “एवढं तर केसांतच जाईल. टक्कल करून टाक.”

“केस पट्टीखाली दबतात,” मी म्हणाले. “टकलाचा उपयोग नाही.”

“असं कसं? मला हौस आहे.”

दादाची अट आता स्पष्ट होती. झोपायच्या गाडीची तिकिटं रविवारी संध्याकाळपर्यंत घ्यायची होती. ती घ्यायची, की तो टप्पा सोडून द्यायचा? “एकदा तरी आकडा खाली आलेला मला दिसू दे,” तो म्हणाला. “मग मी त्या दाराशी जाईन. नाही आला तर टाचणी काढायची आणि त्यावर पुन्हा बोलायचं नाही. आशेवर मी एवढ्या लांब जाणार नाही.” मी त्यात माझी भर घातली: आमच्या मोजण्यात दोन मिलिमीटरची चूक होऊ शकते, म्हणून आकडा एकशे चौऱ्याण्णव पूर्णांक आठ किंवा त्याखाली हवा. दादा म्हणाला, “तू कोणाच्या बाजूनं आहेस?” मी म्हणाले, “दांडीच्या.”

शनिवारी सुट्टी होती. आम्ही पार्कातल्या दिवसाची रंगीत तालीम करायची ठरवली. दादाच्या पाठीवर मोठी सॅक, सॅकेत जुन्या शिलाई मशिनचं लोखंडी डोकं, अस्तराच्या कापडात गुंडाळून. प्रवासात सगळ्यांचं सामान त्याच्याच पाठीवर असणार होतं, तेव्हा वजन खोटं नव्हतं.

“शेवटी बॅगा मीच सांभाळायच्या,” दादा म्हणाला.

“या वेळी त्या तुला वर नेतील,” वहिनी म्हणाली. ती बरोबर चालणार होती, रांगेत उभं राहायचा सराव म्हणून. ती दोघं सकाळीच निघाली. पोस्टाच्या रांगेत उभी राहिली, बँकेच्या रांगेत उभी राहिली, आणि खिडकीपाशी पोचली की “आमचं काही काम नाही” म्हणून परत फिरली. बँकेतल्या पहारेकऱ्यानं दादाची सॅक उघडायला लावली आणि आत शिलाई मशिन पाहून तो जास्तच घाबरला. चष्मेवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, “बुटका होतोय तो. वेळ लागतो.”

मला त्या दिवशी दुपारी एका मुलाखतीला जायचं होतं. संध्याकाळी मी परत आले, मोठ्या उत्साहात दादाला भिंतीला उभं केलं, आणि पट्टी वाचली. एकशे पंच्याण्णव पूर्णांक चार.

पुन्हा वाचली. तेच.

नेहमीच्या शाळेच्या दिवसापेक्षाही जास्त. दिवसभर लोखंड वाहून. दादानं सॅक खाली ठेवली. वहिनी त्याचा दंड धरून उभी होती, आणि पहिल्यांदाच तिला काही विनोद सुचत नव्हता.

“हे होऊच शकत नाही,” मी म्हणाले. “मधे काय झालं? जेवलात, मग?”

“मग मी दवाखान्यात जाऊन आले,” वहिनी म्हणाली. “तासाभराचं काम होतं. याला इथे सोडून.”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा सुईत दोरा ओवत होते. सुईत दोरा आधीच होता.

“बाबा.”

“काय?”

“दादा इथे काय करत होता?”

“दमला होता गं पोरगा,” बाबा म्हणाले. “खांदे लाल झाले होते. मी म्हटलं, जरा पाठ टेक. टेबलावर कापड अंथरलं. दोन मिनिटं.”

“दोन मिनिटं?”

“बरं, एका कोटाचं अस्तर लावून होईपर्यंत. हातानं लावलं. मशिनच्या आवाजानं उठला असता ना.”

एका कोटाचं अस्तर हातानं लावायला बाबांना किती वेळ लागतो, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. चकत्यांना पाणी पिऊन पुन्हा फुगायला तो पुरेसा होता. वहिनीला हसू फुटलं. आधी ती तोंडावर हात धरून हसली, मग टेबलाला धरून. दादा तिच्याकडे बघत राहिला आणि मग तोही हसू लागला.

“मी तुमच्याच बाजूनं होतो,” बाबा म्हणाले. “मला काय माहीत, आडवं पडल्यावर माणूस वाढतो? तसं असतं तर आपला चष्मेवाला आभाळाला टेकला असता.”

“उद्या बाबांवर लक्ष ठेवायचं,” मी म्हणाले.

“उद्या मीच त्याच्याबरोबर चालतो,” बाबा म्हणाले. “बघतो कोण त्याला झोपवतं ते.”

रविवारी दुकान बंद होतं. बाबा आणि दादा सकाळीच निघाले, पाठीमागून दोघांकडे पाहिलं तर एक वाक्य आणि त्यापुढचा पूर्णविराम चाललाय असं वाटत होतं. वहिनी आणि मी मार्ग नव्यानं लावत बसलो. झोपायची गाडी तशीच ठेवली, पण निळी सकाळवरून संध्याकाळवर नेली. सकाळी उतरल्यावर आधी त्या शहरात दिवसभर पायी हिंडायचं, पार्कात दुपारनंतर शिरायचं, बाकीच्या सगळ्या रांगा उभ्यानं काढायच्या, आणि दार बंद व्हायच्या आधी शेवटच्या फेरीत निळी. दोरा पुन्हा सोडवला, पुन्हा फिरवला. माझ्या माहितीत तरी पाठीच्या कण्यावर बेतलेला हा पहिलाच प्रवास होता.

“आणि वर जाऊन तो उतरेल तेव्हा?” वहिनीनं विचारलं. “त्या वळणांवर दाबला जाऊन आणखी बुटका झाला तर?”

“होईल थोडा.”

“चालेल. मला त्याचं तोंड एकदा जवळून बघायचंय.”

दुपारी बाबांचा फोन आला. ते नदीच्या पुलावर होते, दादाला बाकावर बसू देत होते पण टेकू देत नव्हते. मागून दादाचा आवाज आला, “यांना सांग, मी शिंकलो तरी हे माझ्या पाठीत धपाटा घालतात!” बाबा म्हणाले, “ताठ नको राहूस म्हणून सांगतोय मी त्याला. सगळं आयुष्य वाकून काढलं, आणि आजच याला ताठ बसायचं सुचतंय.”

संध्याकाळी दोघं दुकानात आले तेव्हा बाबांची अवस्था दादाहून वाईट होती. सॅक उतरवताना दोघांनीही एकदमच ‘आई गं’ म्हटलं. चष्मेवाला अगोदरच येऊन बसला होता. दादानं बूट काढले, टाचा भिंतीला लावल्या, हनुवटी सरळ केली. मी काटकोनी पट्टी त्याच्या डोक्यावर टेकवली, केस दबेपर्यंत खाली आणली आणि घट्ट धरली.

“वाच,” दादा म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते.

“मी नाही वाचणार.”

“का?”

“मला हवा तो आकडा मला दिसेल. इथल्या प्रत्येकाला दिसेल. वाचणारा असा हवा की ज्याला काही हवं नाहीये.”

“गल्लीत असा माणूस उरलेला नाही,” चष्मेवाला म्हणाला. “मी सगळ्यांना सांगून बसलोय.”

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दिवा दिसला म्हणून एक बाई आत डोकावत होत्या. बाबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना नवऱ्याच्या पँटची चेन बदलून हवी होती आणि रविवारी दुकान उघडं असतं का, एवढंच विचारायचं होतं.

“असतं,” वहिनीनं त्यांना हाताला धरून आत आणलं. “फक्त एक आकडा वाचा.”

“कसला आकडा?”

“काही नाही हो, थोडंसंच. इथे, स्टुलावर चढा. पडणार नाही, मी धरलंय.”

“हे काय भिंतीला उभे आहेत?”

“माझे मिस्टर आहेत. तुम्ही त्यांच्याकडे बघू नका, पट्टीकडे बघा.”

बाई स्टुलावर चढल्या. पर्समधून चष्मा काढला. चष्मेवाल्यानं लांबूनच त्याची काच नीट आहे ना ते पाहिलं. बाबा टेबलाला दोन्ही हात टेकून उभे होते. मी काटकोनी पट्टी दोन्ही हातांनी धरून होते.

“मोठा आकडा वाचू की त्याच्यापुढच्या बारीक रेघा पण?” बाईंनी विचारलं.

“रेघा पण,” आम्ही सगळे म्हणालो.

त्या पट्टीच्या जवळ वाकल्या, बोटानं रेघा मोजल्या, एकदा चुकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

“एकशे चौऱ्याण्णव,” त्या म्हणाल्या, “आणि सहा रेघा.”